लग्नाआधीचा करारनामा: स्टॅम्पवर काय टिकतं आणि काय वाहून जातं



१६ जून ते १५ ऑगस्ट हा आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंदीचा काळ. जाळी धुऊन टांगलेली, डोंगे काठावर पालथे. त्याच्या अगोदरच लग्नं उरकलेली असतात आणि पुढच्या हंगामाच्या सोयरिकींची बोलणी सुरू झालेली असते. समितीत या दिवसांत तलावाच्या पट्ट्यापेक्षा सोयरिकीच्याच गोष्टी जास्त. त्यात अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. कोणी मुलीचा बाप विचारतो, कोणी मुलाचा काका: "लग्नाआधी स्टॅम्पवर करारनामा करून घेतला तर चालते का? डोंगा आमचा तो आमचाच राहील, असं लिहून घेतलं तर?"

प्रश्न रास्त आहे. घरात एकच डोंगा असतो, त्यावर दोन-तीन भाऊ जगतात. इंजिन कर्जावर असतं. उद्या नवरा-बायकोचं जमलं नाही, किंवा देव न करो, नदीत काही बरंवाईट झालं, तर त्या डोंग्याचं, जाळ्याचं, मुलीच्या आंदणाचं काय होणार, ही धाकधूक दोन्ही घरांना असते. म्हणून कोणी तहसीलसमोर जाऊन नोटरीकडून करारनामा करून आणतो आणि पेटीत ठेवतो. तो कागद पेटीतून निघतो भांडण झाल्यावरच. आणि तेव्हा कळतं की त्यातल्या अर्ध्या ओळींना कोर्टात काडीची किंमत नाही, आणि एखादी ओळ तर उलट आपल्याच गळ्याशी येते.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सिनेमात दाखवतात तसा, घटस्फोट झाला तर कोणाला किती मिळेल हे अगोदर ठरवून टाकणारा करार आपल्याकडे टिकत नाही. पण ज्या भीतीपोटी लोक तो करायला निघतात, त्या भीतीचा बंदोबस्त करणारे दुसरे कागद आहेत, आणि ते पक्के आहेत. ते लग्नाआधी करून ठेवावेत.

भारतात असा करार खऱ्या अर्थाने चालतो ते ठिकाण म्हणजे गोवा. तिथे पोर्तुगीजांच्या काळचा १८६७ चा नागरी कायदा १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही चालू राहिला. त्या कायद्याप्रमाणे, काही वेगळं ठरवलं नसेल तर लग्न होताच नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते आणि दोघांचा निम्मा-निम्मा हक्क लागतो. ज्यांना तसं नको असेल, त्यांनी लग्नाच्या आधी सरकारी नोंदणी अधिकाऱ्यासमोर रीतसर दस्त करायचा. माझं ते माझं आणि तुझं ते तुझं, किंवा लग्नानंतर कमावलेलं तेवढंच सामाईक, असे ठरलेले प्रकार आहेत, त्यातला एक निवडायचा. एकदा लग्न लागलं की तो बदलता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं की गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी तिच्या वारसाहक्काला हाच कायदा लागतो. म्हणजे तिथल्या ट्रॉलर मालकाच्या घरात लग्नाआधीचा दस्त ही नेहमीची गोष्ट होऊ शकते.

आपण बालाघाटचे, आणि आपल्या सोयरिकी गोंदिया-भंडाऱ्यात. वैनगंगा दोन्हीकडून वाहते, पण गोव्याचा तो कायदा दोन्हीकडे नाही. मोबाईलवर गोव्याचा करारनामा पाहून त्याची नक्कल इथे करू नका.

आपल्याकडे हिंदू कुटुंबांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागतो. त्यात लग्नाआधीच्या कराराचं नावच नाही. मग असा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ वर तपासला जातो. हे कलम म्हणतं की ज्या कराराचा हेतू कायद्याविरुद्ध किंवा लोकहिताविरुद्ध आहे, तो करार रद्दबातल. आणि लग्न होण्याआधीच लग्न मोडल्यावरचं ठरवणं, बायकोचा पोटगीचा हक्क काढून घेणं, नवऱ्याने कुठे राहायचं हे कायमचं बांधून टाकणं, हे सगळं कोर्ट लोकहिताविरुद्ध धरत आलं आहे.

घरजावयाचं उदाहरण घ्या, कारण आपल्यात ते घरोघरी आहे. ज्याला मुलगा नाही, तो डोंगा सांभाळायला जवाई घरी आणतो आणि लिहून घेतो की हा मुलीला घेऊन कधी वेगळा निघणार नाही. नेमका असा खटला कलकत्ता हायकोर्टात १९०१ मध्ये चालला होता, टेकैत मनमोहिनी जेमादाई विरुद्ध बसंतकुमार सिंह. नवऱ्याने लग्नाआधी कबूल केलं होतं की तो कायम सासूच्या घरी राहील आणि बायकोला तिथून नेणार नाही. पुढे त्याचं मन बदललं. कोर्टाने सांगितलं की असा करार त्याच्यावर लादता येत नाही. सव्वाशे वर्षं होत आली, आजही वकील तोच निकाल दाखवतात.

मग जवायाचा भरवसा कसा धरायचा? राहण्याचं आणि धंद्याचं वेगळं करा. तो तुमच्या घरी राहील की नाही, हे स्टॅम्पवर बांधता येत नाही. पण तो तुमच्या डोंग्यावर काम करतो, त्याला मासळीच्या विक्रीतला किती हिस्सा, जाळ्याच्या दुरुस्तीचा खर्च कोणाकडे, इंजिन त्याच्या पैशाने आलं तर वेगळं होताना ते कोणाचं, हा धंद्याचा करार आहे. भागीदारीचा करार सासरा-जवायात होतो, साळ्या-मेव्हण्यात होतो, आणि तो टिकतो. त्यात लग्नाचा उल्लेखच नको. आम्हाला वाटतं, आपल्या भागातली घरजावयाची निम्मी भांडणं राहण्यावरून नसतात, हिशोबावरून असतात.

दुसरी ओळ जी लोक हमखास लिहून घेतात: "उद्या वेगळं झालो तर मी पोटगी मागणार नाही." ही ओळ लिहिली काय नि न लिहिली काय, सारखंच. सुप्रीम कोर्टात २०१३ मध्ये नागेंद्रप्पा नाटिकर विरुद्ध नीलम्मा या खटल्याचा निकाल लागला. तिथे तर लग्नाआधीचं कागद नव्हतं. कोर्टात तडजोड झाली होती, बाईने ८,००० रुपये एकरकमी घेतले होते आणि पुढे काही मागणार नाही असं लिहून दिलं होतं. तरीही तिने नंतर हिंदू दत्तक व पोटगी कायद्याखाली दावा लावला आणि तो मान्य झाला. कोर्टासमोर लिहिलेलं जिथे तिच्या आड आलं नाही, तिथे मांडवाच्या आदल्या रात्री घेतलेली सही काय आड येणार? मुलांच्या खर्चाचं तर विचारूच नका. आई-बापांनी आपसात काहीही लिहिलं तरी मुलाचा हक्क त्यांना सोडता येत नाही.

राहत्या घरातून "विनातक्रार निघून जाईन" असं लिहून घेणंही असंच. २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने बाईला नांदत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर कोणाच्याही नावावर असो. आणि ज्याला आपण सोडचिठ्ठी म्हणतो, पंचांसमोर स्टॅम्पवर दोघांच्या सह्या, तिच्याबद्दलही गैरसमज आहे. जातीची जुनी रूढी कोर्टात सिद्ध करता आली तरच ती धरली जाते, आणि ती सिद्ध करणं सोपं नसतं. तेवढ्या कागदावर दुसरं लग्न करू नका.

आता गळ्याशी येणारी ओळ. काही करारनाम्यांत आम्ही स्वतः वाचलं आहे: "वधूपक्षाने वरास एक डोंगा व इंजिन द्यावयाचे कबूल केले आहे." लिहिणाऱ्याला वाटतं, आपण पक्कं करून घेतलं. प्रत्यक्षात त्याने हुंड्याचा पुरावा स्वतःच्या हाताने तयार केला. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात हुंडा म्हणजे फक्त रोकड नव्हे. लग्नाच्या बदल्यात ठरवलेली कोणतीही वस्तू हुंडाच, मग ती मोटारसायकल असो, डोंगा असो की जाळं. असा करार कलम ५ प्रमाणे रद्द, म्हणजे डोंगा दिला नाही तर मागताही येणार नाही. आणि कलम ३ प्रमाणे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला कमीत कमी ५ वर्षांची कैद, शिवाय किमान १५,००० रुपये किंवा हुंड्याच्या किमतीएवढा, यातला जो जास्त तो दंड. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तक्रारीत स्वतः सांगितलेल्या गोष्टीवरून त्याच्यावरच खटला होत नाही, एवढी सोय कायद्याने ठेवली आहे. म्हणून मुलीकडच्यांनी भीतीपोटी गप्प बसण्याचं कारण नाही.

तर टिकतं काय?

सर्वांत आधी आंदणाची यादी. हे ऐकून लोक हसतात, म्हणतात यादी तर आहेराच्या वहीत असतेच. ती वही चालत नाही. १९८५ चे केंद्र सरकारचे नियम आहेत, लग्नात मिळालेल्या भेटींच्या यादीचे. न मागता, रीतीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे दिलेल्या भेटी हुंडा धरल्या जात नाहीत, पण त्यांची यादी झालेली असली पाहिजे. मुलीला मिळालेल्या वस्तूंची यादी मुलीने ठेवायची, मुलाला मिळालेल्या वस्तूंची मुलाने. लग्नाच्या वेळी, नाहीतर त्यानंतर लवकरात लवकर. प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, कोणी दिली, देणाऱ्याचं नातं काय. खाली नवरा-नवरी दोघांच्या सह्या. सही येत नसेल तर यादी वाचून दाखवून अंगठा घ्यायचा आणि वाचून दाखवणाऱ्याची सही घ्यायची. याला स्टॅम्प लागत नाही, वकील लागत नाही, शाळेच्या वहीचं पान चालतं.

लिहायचं कसं? "सोन्याचे दागिने" एवढंच लिहू नका. "मंगळसूत्र, सोन्याचं, इतक्या ग्रॅमचं, मुलीच्या आईने दिलं, अंदाजे किंमत इतकी" असं लिहा. सराफाची पावती सोबत जोडा. शिलाई मशीन, आलमारी, भांडी, शेळी, सगळं लिहा. मामाने भाचीला धंद्यासाठी आईस बॉक्स किंवा वजनकाटा दिला असेल तर तोही लिहा. मासळी बाजारात बसणाऱ्या बाईसाठी वजनकाटा दागिन्याइतकाच मोलाचा आहे.

ही यादी एवढी महत्त्वाची का? सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात सांगून ठेवलं की स्त्रीधन हे एकट्या बाईचं. ते सासरी ठेवलं म्हणून सासरचं होत नाही. सासरचे लोक फक्त राखणदार, आणि मागितल्यावर दिलं नाही तर फौजदारी गुन्हा. २०२४ मध्येही केरळच्या एका बाईला याच तत्त्वावर तिच्या सोन्याच्या बदल्यात २५ लाख रुपये देण्याचा हुकूम सुप्रीम कोर्टाने केला. म्हणजे हक्काबद्दल वाद नाहीच, वाद होतो तो काय होतं आणि किती होतं यावर. मुलाकडच्यांनाही यादीचा तेवढाच फायदा आहे. उद्या कोणी दहा तोळ्यांचा दावा केला आणि यादीत तीन असतील, तर यादी बोलते.

आता डोंगा आणि जाळं. मोटारसायकलला आरसी बुक असतं, आपल्यापैकी बहुतेकांच्या लाकडी डोंग्याला तसं काही नसतं. म्हणून बिल कोणाच्या नावे, पैसे कोणाच्या खात्यातून गेले, अनुदानाची मंजुरी कोणाच्या नावे, कर्ज कोणाच्या नावे, यावरून मालकी ठरते. लग्नाच्या आधी एका कागदावर मुलाने आपल्या नावाचं काय आहे ते लिहावं: डोंगा वडिलांच्या नावाचा, जाळी दोन, त्यातलं एक भावासोबत सामाईक, किसान क्रेडिट कार्डावर इतकं कर्ज बाकी. मुलीनेही लिहावं: बचत गटात इतकी शिल्लक, पोस्टात इतकं, अमुक दागिना आधीपासूनचा. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, तारीख. यात एकही अट नाही, वचन नाही. ही फक्त त्या दिवशीच्या परिस्थितीची नोंद आहे, म्हणून कलम २३ ला त्यात हरकत घेण्यासारखं काही सापडत नाही. पुढे कधी वाद झाला तर पुरावा म्हणून कामी येते. लोक ज्याला लग्नाआधीचा करारनामा म्हणतात, त्यातला हा भाग खरोखर कामाचा आहे. बाकीचं बहुतेक फुगवटा.

आणि मुलीला लग्नाआधी कर्ज कळणं, हा आम्हाला तरी तिचा हक्क वाटतो. नवऱ्याचं कर्ज आपोआप बायकोच्या डोक्यावर येत नाही. पण बँकेत जामीनदार म्हणून किंवा सहकर्जदार म्हणून तिची सही घेतली, की बँक तिच्याकडून पूर्ण रक्कम मागू शकते. नवरा-बायकोने आपसात "कर्ज फक्त त्याचं" असं लिहिलं तरी बँकेला ते लागू नाही. नव्या सुनेची सही घ्यायला मॅनेजर घरी आला तर चहा द्या, पण कागद वाचल्याशिवाय पेन देऊ नका.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे, थोडी कडू लागेल. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के अनुदान आणि महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. म्हणून आपल्यातल्या कित्येकांनी डोंगा, आईस बॉक्सची गाडी, तळं, बायकोच्या किंवा सुनेच्या नावे घेतलं आहे. चांगलं केलं. पण मग भांडण झालं की म्हणायचं, "नाव तिचं, पैसा माझा, फक्त अनुदानासाठी लावलं होतं." असं म्हणणारा कोर्टात काय सांगत असतो ते पाहा: मी सरकारकडून खोटं सांगून अनुदान घेतलं. अर्ज तिचा, मंजुरी तिची, बिल तिचं, खातं तिचं असेल तर वस्तू तिची समजूनच चालावं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १४ सांगतं की बाईच्या ताब्यातली तिची मालमत्ता पूर्ण मालकीची, अर्धीमुर्धी नाही. जे तिच्या नावे घ्याल ते तिला दिलं असं मनाशी ठरवूनच घ्या.

तलावाचा पट्टा मात्र कोणत्याच करारनाम्यात येऊ शकत नाही. पट्टा समितीच्या नावे असतो. "तलावातला माझा हिस्सा जवायाला" असं लिहिणाऱ्यांनी समजून घ्या, तो हिस्सा तुमच्या मालकीचा नाही, तुम्ही सभासद आहात. जवायाने किंवा सुनेने स्वतः अर्ज करून सभासद व्हावं.

बापाला मुलीच्या नावे खरोखर काही करून द्यायचं असेल तर बक्षीसपत्र आहे. घर-जमिनीचं बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसह रजिस्ट्री झालेलं असलंच पाहिजे. नोटरीचा शिक्का म्हणजे रजिस्ट्री नव्हे, हे कितीदा सांगावं? नोटरी फक्त सही कोणी केली ते पाहतो. आणि रजिस्ट्री जमीन जिथे आहे तिथल्या कार्यालयात होते. जागा तिरोड्यात असेल तर बालाघाटला दस्त लिहून काम होत नाही. डोंगा, जाळं यांसारखी हलवता येणारी वस्तू ताबा दिला की दिली जाते, पण सोबत दोन ओळींचा कागद आणि बिल ठेवा.

मृत्युपत्र हा शब्द लग्नघरात काढला की बाया कानावर हात ठेवतात. तरी वाचा. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका विधवेच्या मालमत्तेचा निकाल दिला. लग्नानंतर तीन महिन्यांतच नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी तिला हाकलून दिलं. माहेरी राहून ती शिकली, नोकरी केली, पैसा जमवला. मृत्युपत्र न करता वारली. कोर्टाला दया येऊनही कायद्याप्रमाणे तिची सारी कमाई नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे गेली, कारण मूलबाळ नसलेल्या बाईच्या स्वतःच्या कमाईवर आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क, नंतर आई-बापांचा. आई-बापांकडून वारशाने आलेलं तेवढं माहेरी परत जातं. एका साध्या मृत्युपत्राने हे बदललं असतं. साधा कागद, दोन साक्षीदार, रजिस्ट्री सक्तीची नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. हिंदूंचं मृत्युपत्र पुढे लग्न केल्याने रद्द होत नाही, ख्रिस्ती कुटुंबांत मात्र लग्न झालं की आधीचं रद्द होतं आणि नवं करावं लागतं. मुस्लिम सभासदांकडे निकाहनामा हाच मुळात करार आहे. मेहेर आणि रास्त अटी त्यातच स्पष्ट लिहून घ्याव्या.

कागदांची खरी गरज कुठे असेल तर ती पाटाच्या लग्नात. नदीने नवरा नेलेल्या तरुण बाया आपल्या गावागावांत आहेत, आणि त्यांनी दुसरं घर करावं यात काही वाईट नाही. पण दोन्हीकडे आधीची मुलं असतात आणि कोणी काही बोलत नाही. म्हातारी माणसं अजून सांगतात की पाट लावला की पहिल्या नवऱ्याचा हिस्सा सोडावा लागतो. हे १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात होतं. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. पहिल्या नवऱ्याकडून मिळालेला हिस्सा दुसरं लग्न केल्याने परत जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००८ मध्येही सांगितलं आहे.

उलट बाजूही समजून घ्या. बाईसोबत आलेलं पहिल्या नवऱ्याचं मूल नव्या नवऱ्याचा वारस होत नाही, त्याने कितीही प्रेमाने वाढवलं तरी. आणि नवरा मृत्युपत्राविना गेला तर त्याची आई, नवी बायको, आधीच्या बायकोची मुलं, सगळ्यांचे सारखे हिस्से. आई, बायको आणि दोन मुलं असतील तर प्रत्येकी एक चतुर्थांश. एका डोंग्याचे चार तुकडे कसे करणार? म्हणून पाटाआधी दोघांनी बसून आपली-आपली यादी लिहावी, पहिल्या नवऱ्याचा विमा आणि भरपाईचा पैसा मुलांच्या नावे ठेवीत टाकावा, आणि लग्नानंतर लगेच दोघांनी मृत्युपत्र करावं. सावत्र मुलाला डोंगा द्यायचा असेल तर तसं नाव घेऊन लिहावं.

नॉमिनीबद्दल थोडक्यात. मत्स्य संपदा योजनेतल्या अपघात विम्यात मृत्यू झाल्यास ५ लाख रुपये मिळतात. लग्न होऊन दहा वर्षं झाली तरी फॉर्मवर आईचं किंवा मोठ्या भावाचं नाव असतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे स्वीकारणारा. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातला शेअर्सचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथेही हेच ठरलं, की नॉमिनी केल्याने वारसांचा हक्क जात नाही. पण पैसे एकदा भावाच्या खात्यात गेले की विधवेने कोर्टाच्या किती पायऱ्या चढायच्या? नाव आधीच बदललेलं बरं.

कागद करताना दोन-तीन पथ्यं. मुलगी १८ पूर्ण आणि मुलगा २१ पूर्ण नसेल तर लग्नही नको आणि कागदही नको. १८ खालच्याने केलेला करार मुळातच रद्द. सही मांडवात किंवा आदल्या रात्री घेऊ नका, निदान महिनाभर आधी घ्या. दबावाखाली सही घेतली हे सिद्ध झालं की चांगला कागदही पडतो. मजकूर मराठीत किंवा हिंदीत, जो दोघांना वाचता येतो त्या भाषेत. दोन प्रती, एक सासरी, एक माहेरी. दोन्ही पक्षांचा एकच वकील नको. मुलीला वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे जावं. बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हा १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती मिळते.

आंदणाच्या यादीचा आणि मालमत्तेच्या नोंदीचा कोरा नमुना समितीत ठेवला आहे, झेरॉक्स काढून न्या. नॉमिनी बदलायला येताना लग्नाचं प्रमाणपत्र, दोघांचे आधार कार्ड, पासबुक आणि सभासद पुस्तिका आणा. बंदीच्या दोन महिन्यांत कचेरी सकाळी उघडी असते. जोडीने या, म्हणजे दोघांच्याही सह्या एकाच फेरीत होतात.